खाजवायचं नाही

...आणि वर म्हणे खाजवायचं नाही! तुम्हाला सांगतो, माणसाच्या हातात सुई टोचायची, भोवती पेनाने गोल काढायचा, आणि सांगायचं, दोन दिवसांनी या, तोवर हात लावू नका. आमच्या गिरीधरला सांगितलं हो, नुंगंबाक्कमच्या डोळ्यांच्या डॉक्टर रंजनीबाईंनी. "सार, सोरियादींगा." म्हणजे तमिळमध्ये तेच, खाजवायचं नाही.

आता दुखणं डाव्या डोळ्याचं, मग सुई हातात का? तर बाईंना डोळ्यातल्या टीबीचा संशय, आणि टोचल्या जागी सूज किती येते त्यावरून तो कळतो म्हणे! टीबी छातीत होतो एवढंच गिरीधरला ठाऊक, आणि त्याला तर साधा खोकलाही नाही. पण डोळा लाल, समोर धूर, आणि हा नोकरीला कुठे, तर श्रीपेरुंबुदूरला, नव्या गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे शोधायला. उद्या उजवाही गेला तर काय शोधणार? भीतीने दोन रात्री झोप नाही, पण बोलला नाही कुणाला. कधी कुठे बोलतो? बायको जयवंती अठरा वर्षं बोलतेय, हा आपला "बरं" म्हणतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसला तर हात सुजलेला. झालं! बस अख्खी क्वालिटी खात्याची, मोजण्यासारखं काही दिसलं की यांना राहवतं कुठे? सुब्बाने पिशवीतून जाडी मोजायचा व्हर्निअर काढला. "ट्वेंटी-टू मिलिमीटर, सार." अनंतकृष्ण म्हणाला, "छे, एटीन. तू लालीसुद्धा धरतोस." वाटेतल्या पूनमल्लीपर्यंत वाद, मग सरासरी, मग कागदावर दोघांच्या सह्या... आणि गिरीधर? घाम फुटलाय, हात नुसता शिवशिवतोय. पण खाजवायचं नाही!

तिसऱ्या दिवशी तो कागद बाईंसमोर. त्यांनी तो बाजूला सारला, बोटाने चाचपून घट्ट भाग तेवढाच मोजला. सतरा मिलिमीटर, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह. शेजारी बसलेल्या जयवंतीने ओढणी मुठीत आवळली.

"जंतू डोळ्यात असेलच असं नाही," बाई म्हणाल्या. "कधीकाळी छातीत शिरून झोपलाय, परवा काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ दिसतेय. शरीराने त्याला ओळखून ठेवलंय, आणि आता नुसत्या संशयाने भडकून स्वतःच डोळ्याची नासधूस करतंय. फार सेन्सिटिव्ह आहेत तुमचे मिस्टर. नऊ महिने गोळ्या, शिवाय भडका शमवायला डोळ्यात थेंब. वेळेवर आलात, नजर बहुतेक वाचेल."

जयवंतीचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंड सुटलं. "हे? सेन्सिटिव्ह? अठरा वर्षं मी बोलतेय, काही म्हणता काही परिणाम नाही, आणि सुईच्या एका थेंबाने एवढी सूज?"

गिरीधरने बाही हळूच खाली केली.

"आत परिणाम होतच असतो गं," तो म्हणाला. "खाजवायचं नाही, एवढंच."