डाव्या भुवईची खूण

"बाई, हिला चेहरा कुनाचा दिऊ?"

मंडळी, बशीरमामांनी मला हे विचारलं, त्याला दहा वर्षं झाली. आज तुमच्यापुढं उभी राहिले आणि तेच वाक्य आधी आलं. दुसरं सुचत नाही. सांभाळून घ्या.

मामा दौंडला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी मुलांसाठी पुस्तक लिहिलं होतं, मुलींची शाळा काढणाऱ्या एका बाईंवर. चित्रं मामांची. त्या बाईंचा फोटो मिळेना. मी घाईत होते. म्हणाले, "कुणाचाही द्या, मामा."

कुणाचाही! किती सहज म्हणाले मी.

मग डॉक्टरीणबाईंचं पुस्तक झालं. मग छापखाना चालवणाऱ्या बाईंचं. मांडवगणच्या शाळेत मी ती दाखवत होते. एक मुलगी उठली. "बाई, या समद्या बहिणी हायेत व्हय?" वर्ग हसला. मीही हसले. घरी येऊन तिन्ही पुस्तकं शेजारी ठेवली. प्रत्येकीच्या डाव्या भुवईत तीच खाच.

मामांना विचारलं. म्हणाले, "आमच्या शमाची हाय. लहानपनी रहाट लागला व्हता."

शमा त्यांची एकुलती लेक. चौथीत शाळा सुटली. राहू गावात दिली. पहिल्या बाळंतपणात गेली. तिचा एकही फोटो नाही.

"शाळंतनं मीच काढली, बाई. मंग शाळा बी मीच द्याया नगं?"

शेवटच्या पुस्तकात त्यांनी तिचे केस पांढरे केले. मामी चिडल्या. "आवं, पोरीला म्हातारी केली?" मामा म्हणाले, "हितं तरी हू दे."

आता पुस्तकं पुन्हा छापायची आहेत. प्रकाशक भाऊसाहेब समोर बसलेत. त्यांनी जुने फोटो मिळवलेत. खरे चेहरे घालणार आहेत. भाऊसाहेब, तुमचं बरोबर आहे. त्या बायांचा चेहरा त्यांनाच मिळायला हवा. तरी पुस्तक मिटलं, की मला ती भुवई दिसते. ती कुणाचीही नव्हती, शमाची होती.

मामा गेल्यापासून मामी इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत, म्हणून आल्या नाहीत. मी इकडं निघताना मला म्हणाल्या, "पोरीला ठिवा म्हनावं."

भाऊसाहेब, एकाच पुस्तकात, एकाच पानावर तिला ठेवाल? तुम्ही नाही म्हणणार, मला ठाऊक आहे. फक्त आत्ता म्हणू नका. आधी सगळे उभे राहूया. दोन मिनिटं. मामांसाठी. आणि शमासाठी.