पतंगाला साखरपाणी

सासू : हा कापसाचा बोळा पुन्हा कोरडा पडला बघ. सकाळपासून साखरपाणी धरतेय या पतंगापुढे, ढुंकून बघत नाही.

सून : आई, तो नाही पिणार.

सासू : का? मागच्या वर्षी लिंबाच्या कुंडीतलं ते शेपटीवालं फुलपाखरू कसं प्यायलं होतं! माझ्या लेकाने बोळा धरला, फुलपाखराने गुंडाळलेली सोंड लांब केली आणि बसलं ओढत. पितानासुद्धा पंख थरथरत होते. हा तर त्याच्या दुप्पट. याला भूक जास्तच असणार.

सून : ते फुलपाखरू होतं, हा रेशमाचा पतंग. याला सोंडच नसते. अळी असताना पानं खाल्ली असतील, त्यावरच आठवडाभर जगतो.

सासू : कोण म्हणालं?

सून : तुमचा मुलगा. कोष आणला तेव्हाच म्हणाले, फुलपाखराचा कोष उघड्यावर, दोऱ्याला टेकलेला. याचं घर मात्र रेशमाचं. एवढं घर विणायचं, आणि बाहेर आल्यावर जेवणाची सोय नाही.

सासू : हसला असेल सांगताना.

सून : हसले. तेव्हा घशातून आवाज तरी निघत होता.

(आतल्या खोलीतून मुलाच्या खोकल्याचा आवाज.)

सासू : दूध कोमट आहे. त्याला दोन चमचे देऊन बघते.

सून : नको, आई. काल एकच चमचा दिला, तो श्वासात गेला. निळे पडले होते.

सासू : मग नळी घाला म्हणावं. मी बोलते डॉक्टरांशी.

सून : मी विचारून आले. घशातल्या गाठीने वाट बंद केलीय, नळी जात नाही. पोटातून घालायची तर अंगात तेवढी ताकद उरली नाही. ओठ ओले ठेवा म्हणाले, आणि जवळ राहा.

सासू : एवढंच?

सून : मीही भांडले. सगळ्यांसमोर रडले.

सासू : त्याला ठाऊक आहे?

सून : माझ्याआधीपासून. मघाशी खुणेने म्हणाले, आईला स्वयंपाकघरातून बोलाव, जवळ बसू दे.

सासू : प्रत्येक आजारातून मी याला भरवूनच उभा केला. नुसती बसून काय करू?

सून : हात धरा त्यांचा.

सासू : नुसतं बसायला मला कधी जमलं नाही गं. तूही चल.