कॉफीतला अर्धा चमचा

— नाही हो ताई, दोन्ही डब्या एकाच कंपनीच्या असल्या म्हणून काय झालं, कामं वेगळी. ही गॅबाची. गॅबा म्हणजे मेंदूचा ब्रेक, डोकं सारखं भणभणत असेल तर शांत करतं म्हणे. म्हणे म्हणजे काय — पोटात घेतलेलं गॅबा मेंदूपर्यंत पोचतं की वाटेतच मुक्काम ठोकतं, हे अजून कुणाला नक्की माहीत नाही. जरा पेंग येते, गाडी चालवू नका, झालं. आणि ही दुसरी — हिच्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं, ते मन राजी ठेवतं. हिचा गुण येतो, मी स्वतः बघितलाय. मी नाही घेत हो, मला उदास व्हायला वेळ कुठाय? आमच्या ह्यांना देते. रिटायर झाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. ना पेपर, ना भांडण. भांडले असते तरी बरं वाटलं असतं मला. डॉक्टरांची गोळी चालू आहे, पण ती गोगलगाईच्या चालीनं चालते. मग मीच सकाळच्या कॉफीत अर्धा चमचा ही पूड — सांगते कशाला त्यांना? 'तुझ्या दुकानातलं काही नको' म्हणतात. घरातच ही अब्रू आमच्या दुकानाची. पण फरक बघा, आठवडाभरात माणूस उठला. घरभर येरझाऱ्या. एका जागी बसत नाहीत. आज तर हातातला कप बशीवर नुसता वाजत होता, इतका उत्साह.

काय म्हणालात, धोका? छे, बियांपासून काढलेलं आहे, नैसर्गिक. फक्त एक सूचना असते, कंपनी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणून दाखवायला लावते, मला तोंडपाठ आहे — उदासीवर डॉक्टरांचं औषध चालू असल्यास हे घेऊ नये, सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढतं, अस्वस्थपणा येतो, हात थरथरतात, दरदरून घाम —

घाम.

सकाळी बनियन पिळण्याइतका ओला होता. मी म्हटलं, वा, फेऱ्यांनी व्यायाम झाला.

ताई, ती डबी इकडे द्या. दोन्ही द्या. नाही, काहीच घ्यायचं नाही. फोन कुठे ठेवला मी — हां, तुमच्या पिशवीखाली, द्या तो... वाजतोय. नुसता वाजतोय. उचला ना हो. खुर्चीतच बसलेले असू देत, देवा, खुर्चीतच...

तुम्ही निघा. दुकान बंद आहे.