घरचा डबा शेवटी

आमचं गाव काटोलच्या पलीकडं, बस सोडते तिथून अजून कोसभर पायी आत. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात राखन करे, माय पेट्या भराले जाये. संत्रं आमच्या घरात कधी इकत आनलं नाही अन् बाकी काही इकत आनाची ऐपत नव्हती, अशी गंमत. माझं नाव शंकर. आता सगळे शंकरकाका म्हन्तेत, पन नागपुरात मले तीस-पस्तीस वर्षं लोकं शंकर भट्टीवाला म्हनूनच ओळखत. लग्न झालं तवा मी एकवीसचा अन् कांता अठराची. तिचा मोठा भाऊ सक्करदऱ्याच्या एका बेकरीत पीठ मळे, त्यानं निरोप धाडला की मालक बशीरभाईले भट्टीवर मानूस पाह्यजे, दाजीले पाठवा. मंग काय, एक पेटी, एक वळकटी अन् आम्ही दोघं. कांता बसमधी उलट्या करत आली, मी खिडकीपाशी बसून तिचं डोकं धरलं होतं. असे आलो आम्ही नागपूरले.

आता भट्टी म्हंजे काय, हे तुम्हाले सांगा लागते, काहून की आजकालच्या लोकाईले वाटते का भट्टीत आग असते अन् आगीवर माल भाजते. तसं नाही ना भाऊ. भट्टी म्हंजे इटाची खोली समजा, वरून घुमटावानी, खाली फरशी. सकाळी सकाळी लाकडं आत टाकाची, तीन-चार तास धडधड पेटवाची. मंग सगळे निखारे वढून बाहेर काढाचे, एक काडी नाही ठेवाची आत. मंग लांब बांबूले ओला बारदाना बांधून फरशी पुसाची, लोखंडी दार लावाचं अन् तिले बसू द्याचं अर्धा घंटा. आग काढली तवाच माल टाकाचा, हा पयला कायदा. भाजते कोन? भिंत भाजते. तीन-चार तास जे खाल्लं ते ती दिवसभर थोडं थोडं देते. बशीरभाईनं मले पयल्या दिवशी सांगतलं होतं, शंकर, पहले हाथ से पूछ, फिर माल डाल. मी उघडा हात आत घाले अन् मनात मोजे. दहापर्यंत हात टिकला नाही तं पावाची आच. वीसपर्यंत टिकला तं नानकटाईची. चिमूटभर मैदा फरशीवर फेकाचा, तो कसा रंग बदलते ते पाहाचं. थर्मामीटर काय असते, ते आम्हाले डाक्टरकडंच माहीत.

अन् उतरत्या आचेचा हिशेब असे तिचा. सकाळी पाव, मंग ब्रेड, दुपारी नानकटाई अन् बिस्कुट, संध्याकाळी टोस्ट वाळवाले ठेवाचे. एकाच आगीवर सगळं. दिवाळी आली का दुपारची आच आमची नसे, ती मोहल्ल्याची. बाया घरून मैदा, तूप, साखर घेऊन येत, आमच्या ओट्यावर बसून मळत, गोळे करत अन् आम्ही भाजून देत होतो. चाळीस-पन्नास डबे लायनीत. कोनी गोळ्यावर चारोळी लावे, कोनी लवंग, कोनी बोटानं खड्डा पाडे, ते त्याईचं निशान. कोनाचा ट्रे कोनाले गेला असं माझ्या हातून एकदाबी झालं नाही, हे मात्र मी छाती ठोकून सांगतो.

पन एक रिवाज होता तिथला. भट्टीवाल्याच्या घरचा डबा सगळ्यात शेवटी. बशीरभाईनं नाही लावला तो, आधीपासून होता. गिऱ्हाईक बाहेर बसलं असताना आपलं आधी भाजलं तं बरं नाही दिसत ना. मले तं त्यात मान वाटे. कांता सकाळीच डबा आनून ठेवे, घरी जाये, पोरीले जेवाले घाले, परत येऊन कोपऱ्यात बसून राहे. तिचा नंबर येईपर्यंत भिंत थकलेली. अन् कमी आचेवर नानकटाई टाकली का काय होते, तर ती फुगाच्या आधी तिचं तूप सुटते, पसरते, पापडावानी चपटी होते अन् रंग येतच नाही, पांढरी फट्ट राहते. म्हंजे ज्याच्या हातची नानकटाई सक्करदऱ्यापासून पार महाल मोहल्ल्यापर्यंत जाये, त्याच्या घरी दिवाळीले पांढऱ्या चपट्या नानकट्या. कांता काही म्हने नाही. पाहुन्याईले म्हने, आमच्याकडं अशाच लागतेत सगळ्याईले. मले वाटे खरंच तिले तशाच आवडतेत. माझी अक्कल पाहा.

मंग भट्टी बंद झाली. आजूबाजूले फ्लॅट झाले, धुराच्या तक्रारी झाल्या, नोटीस आली. तक्रार करनाऱ्याची बी चूक नाही म्हना, त्याईचे कपडे काळे होत. तवर बशीरभाई वारले होते, पोराईले बेकरीत रस नव्हता. भट्टी पाडाच्या दिवशी मी गेलो होतो. आग बंद करून तीन दिवस झाले होते तरी आतल्या इटा गरम. पाडनारा मजूर म्हने, काहून गा काका, हे अजून तापून हाये? इतक्या वर्षांत ती कधी पूर्न थंडी झालीच नव्हती. मी एक इट हातात धरून बसलो, तो मजूर हसून राहिला माझ्याकडं पाहून.

त्याच्यानंतर मी बुटीबोरीकडं एका बिस्कुट-केकच्या फॅक्टरीत लागलो. तिथं ओव्हन पाहिला तं मी हबकलोच, मानूस उभा आत जाईन एवढा. ट्रेची पूर्न ट्रॉली आत ढकलाची, ती आत गोल गोल फिरते, गरम हवा चारी बाजूनं लागते, बाहेर लाल आकडे, टाइम झाला का शिट्टी वाजते. एका घंट्यात जेवढा माल निघे तेवढा आमचा दोन दिवसाचा. अन् सगळा एकसारखा, एकबी पीस काळा नाही, एकबी पांढरा नाही. मी खोटं नाही बोलत, ती मशीन चांगली हाये. पन तिच्यापाशी मानसाचं काही काम नाही. बटनावर एक पोरगी होती, शिकलेली, माझ्या पोरीच्या, वैशालीच्या वयाची. ती म्हने, काका, तुम्ही फक्त ट्रॉली ढकला. एक दिवस मले वासानं वाटलं का माल जास्त होऊन राहिला. भट्टीवर आम्ही वास आला का दार उघडून पाहत होतो, तसं उघडलं. सगळी हवा भस्सकन बाहेर, आतला केक खाली बसला, पूर्न ट्रॉली फेका लागली. सायबानं मले सगळ्याईसमोर सांगतलं, शिट्टी वाजेपर्यंत दाराले हात लावाचा नाही. अन् पॅकिंगले बसवलं. तिथंच रिटायर झालो. घरी मी कांताले सांगतलं, पॅकिंगचं काम आरामाचं हाये म्हून मागून घेतलं. ती म्हने, बरं केलं.

वैशाली आमची एकुलती पोरगी. जावई मौद्याले वीज कारखान्यात ठेकेदाराकडं हाये, सहा दिवस तिकडंच राहते, म्हून ती लेकराईले घेऊन आमच्यापाशीच, सक्करदऱ्याले. तिनं घरी केक, बिस्कुट कराले सुरुवात केली. पयले मायक्रोवेव्ह आनला होता कोन्या मैत्रिणीचा. त्याच्यात नानकटाई केली तं आतून जळाली अन् वरून पांढरी. मी म्हटलं, पोरी, ही पानी तापवाची मशीन हाये, भाजाची नाही. मंग तिनं छोटा ओव्हन घेतला, टेबलावर बसते तो, वर दोन कांड्या, खाली दोन कांड्या, लाल होतेत, काचेचं दार. एका वक्ती पंधरा-सोळा नानकट्या. मी त्याच्याकडं पाहतबी नव्हतो. मनात राग होता का काय होतं कोन जाने. माझ्या भट्टीत एकावेळी चाळीस ट्रे जात, अन् हे खेळन्यासारखं काय.

मंग कांताचं पोट दुखाले लागलं. गाठ निघाली. मेडिकल दवाखान्याच्या चकरा, सुया, केस गेले. शेवटी डाक्टर म्हने, आता घरी न्या, जे मागतीन ते खाऊ घाला. पन ती काही मागेच नाही. वैशाली इचारे, माय, काय खातं? ती म्हने, काही नको वं. अन् एक दिवस, मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो, तिले वाटलं मी झोपलो, ती वैशालीले म्हने, तुझ्या बाबाच्या हातची भर आचेची नानकटाई मी कधी खाल्लीच नाही वं. लोकाईच्या डब्यातल्या पाहत होती मी, कशा लाल, फुटलेल्या, वरून भेगा पडलेल्या. आपला डबा नेहमी शेवटी. एकदा खावी वाटते.

काय सांगू तुम्हाले. पेपर मी तोंडावरच धरून ठेवला. चाळीस वर्षं संसार केला अन् मले हे माहीत नव्हतं. तिथं कोपऱ्यात डब्यावर हात ठेवून बसे ती, लोकाईचे ट्रे बाहेर येताना पाहे, अन् मी समजे की बसली हाये आपली निवांत.

दुसऱ्या दिवशी वैशाली औषधी आनाले गेली. जाताना म्हने, बाबा, सामान काढून ठेवते, मी आली का लावू. मी थांबलो नाही. म्हटलं, पूर्न जिंदगी भट्टीवर काढली अन् नानकटाईसाठी पोरीची वाट पाहाची? तूप फेटलं, हात तोच होता, विसरला नव्हता. गोळे केले, वरून चारोळी लावली. ओव्हनचं बटन फिरवलं, कांड्या लाल झाल्या, चांगला तापू दिला. हात आत घालून पाहिला, वीस मोजले, बरोबर आच. अन् मंग, भाऊ, मी बटन बंद केलं.

बंद केलं! आग काढली तवाच माल टाकाचा, हे हातात बसलं होतं ना माझ्या. डोक्यानं इचार केलाच नाही, हातानंच केलं. आग काढली, ट्रे आत ठेवला, दार लावलं. आता त्या डब्याले भिंत कुठून असन? पत्रा हाये तो, दोन मिनटात थंडा. अन् दुसरी गोष्ट, मले दार उघडाचं नव्हतं. फॅक्टरीत सगळ्याईसमोर बोलनी खाल्ली होती, म्हून मी मनाशी पक्कं केलं का या वक्ती दाराले हात नाही लावाचा. आतला दिवा बंद, काचेतून काही दिसे नाही. खुर्ची टाकून पंचवीस मिनटं त्याच्यासमोर बसून राहिलो. कांता आतून इचारे, झालं का? मी म्हनो, होऊन राहिलं.

काढलं तं पांढऱ्या. चपट्या. तूप सुटलेलं, एकमेकीले चिपकलेल्या. मी तो ट्रे हातात घेऊन सैपाकघरात उभा राहिलो. लपवाव्या म्हटलं, पन तिनं आवाज देल्ला, आना ना अवो, वास येऊन राहिला. नेल्या. तिनं एक हातात घेतली, उलटून पाहिली, अन् हसली. लय दिवसांनी हसली ती.

म्हने, अवो, या तं आपल्याच घरच्या दिसून राहिल्या.

मी म्हटलं, कांता, चुकलं माझं. फक्त नानकटाईचं नाही म्हटलं मी ते, तिले समजलं. तिनं एक कन मोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले. म्हने, राहू द्या. उद्या करजा. मी म्हटलं, उद्या पक्क्या करतो, वैशालीले इचारून करतो. पन दुसऱ्या दिवशी तिले पानीबी गिळता येईना. मी तरी केल्या. वैशाली बाजूले उभी राहिली, बटन चालूच ठेवलं, अन् निघाल्या, लाल, फुटलेल्या, भेगा पडलेल्या. ताटलीत घेऊन तिच्यापाशी गेलो. तिनं पाहिल्या. नुसत्या पाहिल्या. चौथ्या दिवशी गेली.

दोन वर्षं झाले आता. त्या ओव्हनवर आता मीच असतो, वैशाली केकचं पाहते. त्याची एक बाजू जास्त तापते, डावी मागची, तिकडचा ट्रे अर्ध्यात फिरवा लागते, हे बी समजलं. राग नाही राहिला त्याच्यावर. भट्टीची गोष्ट येगळी, खमंग वास येगळा, पन कोनी येऊन इचारलं का शंकरकाका, घरी कोनता घ्यावा, तं मी सांगतो, हाच घ्या, कांड्याचा. घरातल्या चार मानसाले पुरे. फॅक्टरीवाल्याले मोठा घेऊ द्या.

मोहल्ल्यातल्या बाया आजबी दिवाळीले मैदा-तूप घेऊन येतेत, दिवसभर पंधरा-पंधरा करून भाजून देतो. पन पयला ट्रे मी आमच्या घरचा लावतो. लायनीत कोनी असो. त्या म्हन्तेत, काका, आम्ही आधीच्या आलो ना. मी म्हन्तो, बसा थोडं. पयला ट्रे निघते, मी एक उचलतो, मोडून पाहतो. आतून बरोबर भाजलेली असते. ती काही माझ्यानं खाल्ली जात नाही. लेकराईले देऊन टाकतो.

या घ्या तुमच्या नानकट्या, आत्ताच काढल्या. अशा कागदात नका बांधू, वाफेनं मऊ पडतीन. घरी बायको असन ना तुमच्या? मंग थंड्या नका होऊ देऊ, आधी तिले नेऊन द्या. जा, सुखी राहा.