बेंबीची पाळी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई केव्हाची ताटकळत होती. तिची धाकटी बहीण डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली, ती तोंडावर ओढणी धरून हसतच.

"अगं, हसतेस काय? कॅन्सर नाही ना?"

"नाही ताई. माझ्या बेंबीला पाळी येते."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. बेंबीवरच्या गाठीचा तुकडा तपासला ना, त्यात गर्भाशयात असतं तसलं अस्तर निघालं. ते बेंबीत ठाण मांडून बसलंय. म्हणून दर महिन्याला तिथून रक्त येतं."

"आणि आपण मलम चोळत बसलो."

"आधीचे डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ. नवरा म्हणाला, नखं लागत असतील, काप."

"मग आता?"

"छोटं ऑपरेशन. बेंबी नवी करून देतात म्हणे. मी म्हटलं, जरा नाजूक करा."

"निर्लज्ज आहेस अगदी."

"इतके दिवस जीव मुठीत धरून काढले, आता होऊ दे थोडी निर्लज्ज. आणि हे अस्तर कुठेही जातं म्हणे. फुप्फुसांखाली श्वासाचा पडदा असतो ना, त्यावर गेलं, तर त्या दिवसांत खांदा दुखतो."

"कुठला खांदा?"

"बहुतेक उजवा. का गं?"

"काही नाही. माझा शिलाई मशीनमुळे दुखतो."

"रोज?"

"रोज नाही."

"मग कधी? ताई, इकडे बघ. कधी?"

"तुझं आटोपलंय ना? चल घरी."

"पर्स उचल. घरी नाही, आत चल."

"अगं, हात सोड. लोक हसतायत."

"हसू देत. डॉक्टर, आमच्या घरातली अजून एक आणलीय. हिचा खांदा बघा."