‘येऊ का?’ लिहिलेलं बटण

आजच्या या हृद्य सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या थेम्स खोरे मराठी मंडळाचे अत्यंत कार्यतत्पर, विशेषतः ठराव पास करून घेण्यात कार्यतत्पर, अध्यक्ष माननीय श्री. अंबरीश देवस्थळी; केंब्रिजहून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे डॉ. सुश्रुत पाटणकर, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते सत्कारमूर्ती, आदरणीय श्री. हरिदास शेजवळ, व्यासपीठावरचे मान्यवर, आणि मागच्या किचनमधून येणाऱ्या साबुदाणेवड्यांच्या वासाला दाद न देता अजून खुर्चीत बसलेल्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना सीमा रणपिसेचा, म्हणजे मंडळाच्या कार्यवाहाचा, नमस्कार आणि जय भीम.

आज निरोप समारंभ आहे. पण निरोप कोणाला? हरिदासराव तर कुठेही जात नाहीयेत. ते इथेच, ब्रॅकनेलमध्ये, त्याच घरात राहणार आहेत. निरोप आहे तो त्यांच्या डब्यांना. आता डब्यांना निरोप म्हटलं तर पत्रिकेवर बरं दिसत नाही, म्हणून हरिदासरावांना शाल. एखाद्याचं काम बंद पाडायचं असेल तर आपल्याकडे आधी त्याला शाल पांघरतात. शालीचा मोठा फायदा असा, की माणसाचे दोन्ही हात आत राहतात. हरकत घ्यायला वर करता येत नाहीत.

प्रमुख पाहुण्यांना या डब्यांची माहिती नसेल, म्हणून थोडं सांगते. टेबलावर हरिदासरावांसमोर, झेंडूचा हार घालून, पुढे समई लावून ठेवलेली ती बिस्किटाच्या रंगाची पेटी बघा. चालू यंत्राला हार घालायची कल्पना कोणाची, ते मी विचारणार नाही. ती पेटी म्हणजे मिनिटेल. तरुणपणी हरिदासराव फ्रान्समध्ये टेलिफोनच्या कामावर होते, तेव्हा तिथल्या टेलिफोन खात्याला एक विचार सुचला. दरवर्षी घरोघर जाडजूड डिरेक्टरी कशाला छापायची? त्यापेक्षा लोकांना एक छोटा पडदा आणि कीबोर्ड फुकट द्यावा, नंबर त्यावरच शोधतील. खात्याला विचार सुचला, इतकंच नव्हे, तो त्यांनी अंमलातही आणला. आपल्या कमिटीने यातला दुसरा भाग नीट ऐकावा.

या पेटीला अक्कल अजिबात नाही. हे मी कौतुकाने सांगते आहे. अक्कल नाही, आणि असल्याचा आवही नाही. सगळी अक्कल लांब कुठेतरी मोठ्या कॉम्प्युटरमध्ये. तुम्ही घरच्या फोनवरून एक छोटा नंबर फिरवायचा, पलीकडून शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. तुमचा कॉल जवळच्या एक्स्चेंजमध्ये जायचा, तिथलं यंत्र तुमच्या अक्षरांच्या लहान लहान पुड्या बांधायचं आणि त्या पुड्या दुसऱ्या वेगळ्या जाळ्यातून रेल्वेच्या, पेपरच्या, बँकेच्या कॉम्प्युटरकडे धाडायचं. तिकडून उत्तराच्या पुड्या यायच्या आणि पडद्यावर ओळीओळीने मजकूर उमटायचा. घरबसल्या तिकीट, घरबसल्या बातम्या, घरबसल्या अनोळखी माणसांशी गप्पा. इंटरनेट हा शब्द कोणाच्या गावी नव्हता तेव्हा!

आणि एक गंमत. या पेटीत अक्षरं आत येण्याचा वेग भरपूर, बाहेर जाण्याचा वेग अगदी कमी. कारण साधं आहे, माणूस टाइप करणार तो हळूच. म्हणजे पेटी ऐकते खूप आणि बोलते थोडं. आपल्या कमिटीची जोडणी नेमकी उलटी झालेली आहे. चालायचंच, वायरिंग जुनं आहे.

पुढे फ्रान्सने ती सेवा बंद केली. लोक पेट्या टाकून देऊ लागले, तेव्हा हरिदासरावांनी त्या गाडीत भरून इकडे आणल्या. घरच्या गॅरेजमध्ये एक कॉम्प्युटर बसवला आणि आपल्या म्हाताऱ्या मंडळींच्या घरी एकेक पेटी ठेवली. रीडिंग, स्लाव, पार कॉव्हेंट्रीपर्यंत. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. कोणाला हॉस्पिटलला लिफ्ट हवी, कोणाच्या दुकानात कोवळी भेंडी आलीय, कोणाचे गुडघे आज काय म्हणतात, सगळं त्यावर. फोनच्या जुन्या लाइन बंद व्हायला लागल्या, तर त्यांनी मध्ये कसलीशी डबी लावून तेही निभावून नेलं.

बटणांवर फ्रेंच नावं होती. हरिदासरावांनी त्यावर मराठी स्टिकर चिकटवले. ‘पुढे’, ‘मागे’, ‘पाठवा’. मदतीच्या बटणावर त्यांनी लिहिलं ‘कळेना’. अशा नेमक्या बटणाची गरज मला आपल्या मीटिंगमध्ये कितीदा तरी भासली आहे.

अडचण आली ती एकाच बटणाची. फ्रेंच लोकांनी जोडण्याचं आणि तोडण्याचं बटण एकच केलं होतं. त्यावर दोन शब्द, मध्ये तिरकी रेघ: ‘जोडणी’ आणि ‘शेवट’. आता म्हाताऱ्या माणसांच्या घरात ‘शेवट’ लिहिलेलं बटण कसं ठेवणार? आपण दुकानसुद्धा बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. तर हरिदासरावांनी डोकं लावलं आणि त्या बटणावर लिहिलं ‘येऊ का?’ दारात उभे राहिलो की आपण काय विचारतो? येऊ का? आणि निघताना? तेव्हाही येऊ का! फ्रेंचांना दोन शब्द आणि एक रेघ लागली. आपलं एकात भागलं.

आता वळू या ऐतिहासिक वार्षिक सभेकडे. आपला नकुल, इथेच वाढलेला, मोठ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर, याने कमिटीच्या सांगण्यावरून या सेवेचा अभ्यास केला. पडद्यावर लाल रंगाचा मोठा ग्राफ. निष्कर्ष असा, की लोक दिवसभर ‘येऊ का, येऊ का’ विचारताहेत, आणि त्यातल्या निम्म्या वेळा त्यांना तत्क्षणी बाहेर हाकललं जातंय! सिस्टिम निम्म्याने फेल! सभागृह हळहळलं. हरिदासरावांनी हात वर केला होता, पण जेवण गार होत होतं. सेवा बंद करून ‘आपुलकी’ ॲप आणावं, असा ठराव झाला. एकमताने. मी त्या दिवशी भाचीच्या लग्नाला नाशिकला होते, त्यामुळे एकमत करणं सोपं गेलं.

तो ग्राफ स्मरणिकेत छापायला गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला. मी नकुलला फोन केला. म्हटलं, “बाळा, हे निम्मे लोक बाहेर हाकलले कशावरून?”

“सीमामावशी, डेटा क्लिअर आहे ना. त्यांनी येऊ का विचारला, अँड नेक्स्ट सेकंदाला लाइन कट. सो सॅड, यू नो.”

“तू सासूबाईंकडून निघताना काय म्हणतोस?”

“मी? बाय म्हणतो.”

बरोबर आहे. जावयाला सगळं माफ असतं. पण अध्यक्षमहाराज, तुम्ही तर पुण्यात वाढलात! तुम्ही सदाशिव पेठेतून निघताना बाय म्हणत होता का? पन्नास मराठी माणसं त्या सभेत बसली होती, आणि माणसं रोज नीट निरोप घेऊन निघतात, याला आपण बिघाड ठरवलं. मला राग आला. अजून आहे.

‘आपुलकी’ ॲप मात्र सुंदर आहे हो. चेहरा ओळखतं, पासवर्डमध्ये मोठं अक्षर मागतं आणि गोड आवाजात बोलतं. कॉव्हेंट्रीच्या लताताई ओगल्यांशीही बोललं. लताताई एकट्या राहतात आणि त्यांना आता काहीही ऐकू येत नाही. ओठांवरून त्या इंग्रजी ओळखतात, पण मराठी बोलणारे ओठ त्यांच्या घरी आता येत नाहीत. रोज संध्याकाळी पेटीवर जे दोन-चार जण भेटतात, तेवढंच त्यांचं मराठी. आज पेटी बंद झाली की तेही बंद. ॲपने त्यांना विचारलं, ‘मी तुम्हाला कशी मदत करू?’ अजून विचारतंय म्हणे.

तर कार्यक्रमपत्रिकेनुसार आता अध्यक्षांनी पुढे येऊन ते बटण शेवटचं दाबायचं आहे. या अध्यक्षमहाराज, या. बोट ठेवा. फक्त दाबण्यापूर्वी एक छोटी माहिती. सत्कारमूर्ती इतका वेळ मान खाली घालून बसलेत, ते गहिवरून नव्हे. ते शालीतून हात बाहेर काढून माझं भाषण टाइप करताहेत. लाइन चालू आहे. पलीकडे लताताई वाचताहेत. आपण काय करतोय ते त्यांना आत्ताच कळलं.

हरिदासराव, आता माझ्या वतीने लिहा: ‘लताताई, मंडळ विचारतंय, येऊ का?’

...

आलं उत्तर? वाचा ना. मोठ्याने वाचा. चष्मा पुसा आधी.

“बसा हो थोडं. मी अजून चहासुद्धा विचारला नाही.”

अध्यक्षमहाराज, घरची बाई असं म्हणाल्यावर उठून जाण्याची आपल्यात पद्धत आहे का? मी आपली विचारते.

नकुल, तू का उभा राहिलास? बोल, मोठ्याने बोल.

“अंबरीशकाका, प्लीज डोन्ट. ते ग्राफ चुकीची होती. माझा चूक आहे.”

व्याकरण आपण नंतर बघू. बाकी वाक्य अगदी बरोबर आहे, शाब्बास.

तर आता आभार. प्रमुख पाहुण्यांचे, हॉल देणाऱ्या कौन्सिलचे, वड्यांसाठी सकाळपासून राबणाऱ्या मंडळींचे, आणि ज्यांनी हात वर केला होता त्या हरिदासरावांचे, उशिरा का होईना. माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्ही जाणताच. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहिला नसेल, कोणाला टोचलं असेल, तर धाकटी समजून पोटात घाला. आणि सरतेशेवटी, बटणावरचं बोट काढून घेतल्याबद्दल माननीय अध्यक्षांचे मी मंडळाच्या वतीने मनापासून आभार मानते.

अजून काढलं नाही?

काही हरकत नाही. मी थांबते.