मांडीतून नाय तर मनगटातून

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत सकाळीच डांबराला चप्पल चिकटत होती. टँकर यायचा होता. माझी म्हातारी भागीरथी रांगेत पहिला हंडा ठेवायला गेली अन् तिथंच खाली बसली. तोंड वाकडं झालं, बोलणं बंद.

रिक्षात घालताना शेजारच्या कांतानं विचारलं, "मामा, मामीचा हंडा बाजूला करू का?"

"हात लावू नको," मी म्हणालो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली आहे. मांडीतून नळी घालून पाहिली, पण वयामुळे नसा फार वळल्या आहेत. नळी वर पोहोचत नाही."

लेक म्हणाला, "आबा, आता आईचे हाल नकोत."

मी जन्मभर टँकर चालवलेला माणूस. शांतपणे म्हणालो, "बाई, पैठण रोड खोदला होता तवा मी टँकर माघारी नाय नेला. चितेगावाकडून शेतातल्या वाटेनं आणला. तुमच्याकडं दुसरी वाट नाय का?"

"मनगटातून आहे. पण खात्री देत नाही."

"खात्री कुणी मागितली? अंगठा कुठं लावू ते सांगा."

मनगटातून नळी गेली, गुठळी निघाली.

पंधरा दिवसांनी टँकर आला, तवा भागीरथी काठी टेकत रांगेत पुढं गेली. बोबडं बोलत तिनं कांताचा हंडा मागं सरकवला.

कांता माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, मामीला आवरा. वर जाऊन आली तरी पहिला नंबर सोडंना."